निरोगी मनुष्याने टोचून घ्यावे काय?



बीड जिल्ह्यातील एका खेड्यात सेवा करणाऱ्या एका उपदेशक बंधूंनी आम्हांस पत्र लिहून एक अडचण कळविली आहे. त्यांच्या घरी वृद्ध आई असून तिला दम्याचा विकार आहे. मुलगा व सून दरसाल दिवाळीच्या सुमारास टोळीबरोबर ऊसतोडीस जातात व उन्हाळ्याच्या तोंडी परत येतात. सून सध्या गरोदर आहे. स्वतः बंधू धडधाकट आहेत. दवाखान्याची पायरी चढण्याचा प्रसंग त्यांस क्वचितच आला. तालुक्याच्या डॉक्टरांनी त्यांस सांगितले की, पावसाळ्यापूर्वी फ्लूची लस टोचून घ्या, आणि दरसाल घेत जा. बंधू विचारतात, "मला काही होत नसता मी दरवर्षी पैसे का घालावेत? आणि पैसे एकाच टोचणीपुरते असले, तर ती घरात कोणी घ्यावी?"

प्रश्न दोन आहेत, आणि दुसरा पहिल्याहून कठीण आहे. पहिल्याचे उत्तर देण्यापूर्वी हा रोग कसा आहे ते पाहणे अवश्य आहे, कारण पुष्कळ लोक त्यास साधे पडसे समजतात. आपल्या आजे-पणज्यांनी १९१८ साली ज्यास 'मानमोडी' म्हटले तो हाच. त्या वर्षी जून महिन्यात तो मुंबईस प्रगट झाला व पावसाळा सरता सरता पुन्हा अधिक भयंकर रूपाने देशभर पसरला. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे त्याने नेली, आणि त्यांत वीस ते चाळीस वर्षांची, काम करती, धडधाकट माणसेच फार होती. तेव्हा लस नव्हती. मनुष्यास होणाऱ्या ह्या रोगाचा विषाणूच मुळी १९३३ साली हाती लागला. पुढे २००९ साली ह्याच रोगाचा एक नवा प्रकार आला. त्याने हिंदुस्थानातील पहिला बळी घेतला तो पुण्यातील चौदा वर्षांच्या एका शाळकरी मुलीचा.

दरसाल टोचावे लागते ह्याचे कारण असे की, हा विषाणू आपले बाह्य रूप सारखे बदलीत असतो. गतवर्षीच्या लशीने शरीरास जी ओळख करून दिली ती ह्या वर्षी अपुरी पडते, व तिचा जोरही महिन्यांगणिक उतरतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत व सप्टेंबरात, पुढील हंगामासाठी कोणते प्रकार लशीत घालावेत हे ठरविते. हा अंदाज आहे, आणि अंदाज कधी चुकतो. तो जुळला त्या वर्षीही डॉक्टरांकडे जाण्याइतके आजारीपण शंभरात चाळीस ते साठ टक्क्यांनीच कमी होते. तेव्हा "टोचून घेतले तरी ताप आलाच" असे कोणी म्हणाला तर तो खोटे बोलतो असे समजू नये. मात्र लशीनेच फ्लू झाला हे म्हणणे बरोबर नाही. दंडावर टोचतात त्या लशीत जिवंत विषाणू नसतो. दंड दुखतो, एखाद-दोन दिवस कणकण वाटते, इतकेच बहुधा होते. क्वचित ह्याहून अधिक होते हेही लपवू नये. १९७६ साली अमेरिकेत चार कोटींहून अधिक लोकांस डुकरांच्या फ्लूची लस टोचल्यावर, लाखात सुमारे एकास हातापायांतील शक्ती जाण्याचा विकार जडल्याचे दिसून आले, व ती मोहीम थांबविण्यात आली. ज्यांनी ती थांबविली त्यांनी लोकांचा विश्वास राखला असे आम्हांस वाटते.

विश्वासाची गोष्ट निघालीच आहे, तर आपल्या जिल्ह्याविषयी एक कटू गोष्ट बोलणे भाग आहे. २०१९ साली सरकारी पाहणीत असे आढळले की, बीड जिल्ह्यातील ऊसतोडीस जाणाऱ्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढून टाकलेली आहेत. कित्येकींना नुसत्या भीतीच्या शब्दावर शस्त्रक्रियेस तयार केले गेले. कित्येकींना खाडा होऊ नये, दंड कापला जाऊ नये, ही विवंचना होती. ज्या गावात असे घडले तेथील बाई सुई पाहून मागे सरली, तर तिला अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणास आहे? तिची शंका अनुभवातून आलेली आहे. उपदेशकाने तिला दटावू नये. तिच्याबरोबर बसून विचारावे की, ह्यात कोणाचा लाभ आहे, हे केल्याने शरीरातून काही कायमचे जाणार आहे काय, आणि हेच औषध सांगणारा मनुष्य आपल्या घरच्यांस देतो काय. शेवटचा प्रश्न फार उपयोगाचा आहे. हाफकीन साहेबांनी प्लेगची लस तयार केली तेव्हा १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःसच टोचून घेतली.

कोणी बंधू म्हणतील, प्रार्थनेवर भाव ठेवणाऱ्यास सुई कशाला? पण तेच बंधू रात्री शेतात जाताना सापाच्या भयाने हाती बॅटरी घेतात, आणि त्यांस कोणी अविश्वासी म्हणत नाही. ह्यावर अधिक लिहिण्याचे कारण दिसत नाही.

आता पहिला प्रश्न. "मला काही होत नाही" हे बंधूंचे वाक्य खरे असेल, पण अपुरे आहे. फ्लूचा ताप अंगी दिसू लागण्याच्या एक दिवस आधीपासूनच मनुष्य तो दुसऱ्यास देऊ शकतो. उपदेशकाचे काम तरी काय? आजाऱ्याच्या खाटेशी बसणे, नुकत्याच जन्मलेल्या लेकरास उचलून घेणे, म्हाताऱ्यांच्या कानाशी वाकून बोलणे. सहा महिन्यांच्या आतील बाळास ही लस देताच येत नाही. त्याचे रक्षण भोवतालची मोठी माणसेच करू शकतात. तेव्हा ज्यास पैशाची अडचण नाही व जो दररोज दहा घरी जातो, त्याने केवळ आपल्या प्रकृतीकडे पाहून निर्णय करणे आम्हांस योग्य वाटत नाही. तो पाप करतो असे आम्ही म्हणत नाही. जी गोष्ट निम्मीच लागू पडते तिच्यावरून मंडळीत कोणास दोषी ठरविणे बरे नव्हे. परंतु त्याने हिशेबात एकच मनुष्य धरला, आणि तो स्वतः, एवढे मात्र खरे.

दुसऱ्या प्रश्नात असा हिशेब सरळ राहत नाही. खासगी दवाखान्यात ह्या लशीस जे पैसे पडतात ते मजुराच्या घरास थोडे नाहीत. म्हणून प्रथम सरकारी दवाखान्यात विचारावे. २०१५ साली राज्य सरकारने गरोदर स्त्रिया व मधुमेहासारखे विकार असलेल्यांस ती मोफत देण्याचे ठरविले होते, आणि आपल्या आरोग्य केंद्रात ती आज मिळते की नाही हे तेथील परिचारिका सांगतील. मिळाली तर सुनेचा प्रश्न सुटेल. गरोदरपणी हा रोग अधिक कठीण जातो, आणि आईने घेतलेल्या लशीचा काही गुण पोटातील बाळासही मिळतो. म्हणजे एका टोचणीत दोन जीव.

पण न मिळाली तर? एकीकडे सून व बाळ, दुसरीकडे दम्याने धापा टाकणारी आई. आम्ही ह्यावर बराच विचार केला. वृद्धांच्या शरीरात लशीचा गुण कमी येतो हे खरे, तरी त्यांस धोका फार असतो. असे असता आमचा कौल सुनेकडे जातो, परंतु आईचे नाव खोडताना हात थांबतो हे कबूल करतो. बंधूंचे स्वतःचे नाव मात्र शेवटी येते. त्यांनी लस न घेता दुसऱ्या रीतीने आपला वाटा उचलावा: खोकला-ताप आला की पाच-सात दिवस भेटी बंद ठेवाव्यात, तोंडास फडके बांधावे, आईच्या खोलीत निजू नये. उपदेशकास हे जमेल. त्यांच्या मुलास फडात ते जमणार नाही, कारण तेथे तापाने पडून राहणे म्हणजे खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीतून फिटत नाहीत, वाढतात. आजारी कोयत्यास विश्रांती न देणारा मुकादम व कारखानदार हेही ह्या प्रश्नात आहेत. सारे ओझे कोपीतल्या कुटुंबाच्या सद्सद्विवेकावर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही.

लशीचा गुण येण्यास सुमारे दोन आठवडे लागतात, व आपल्याकडे हा रोग पावसाबरोबर वाढतो. मृग जूनच्या पहिल्या आठवड्यात लागतो, म्हणून टोळ्या गावी परतल्या की वैशाखातच चौकशी करावी. आणि बंधूंनी दवाखान्यात जाण्यापूर्वी सुनेस जवळ बसवून हे सर्व सांगावे व तिचे मत घ्यावे. तिच्या वतीने आम्ही येथे पुष्कळ लिहिले, पण तिला अजून कोणी विचारलेले नाही.