यादीत नसलेलं झाड

मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. कामाचा मोठा भाग म्हणजे फॉर्म बनवणं. नाव, गाव, मोबाईल नंबर आणि मग ती खाली उघडणारी यादी : यापैकी एक निवडा. यादीत काय ठेवायचं हे आम्ही एखाद्या मीटिंगमध्ये वीस मिनिटांत ठरवून टाकतो. त्यातून एखादी गोष्ट सुटली तर कुणाचं काय होतं, याचा विचार मी कधी केला नव्हता. तो आजीनं करायला लावला.

आमचं गाव डिंभे धरणाच्या फुगवट्याच्या वर. घोड नदीवर धरण झालं तेव्हा खालची भातखाचरं पाण्यात गेली. उरली ती वरची हलकी जमीन आणि बांधावरची हिरड्याची झाडं. उन्हाळ्यात झाडावर चढून कोवळा हिरडा उतरवायचा, अंगणात वाळवायचा आणि काळा, सुरकुतलेला बाळहिरडा पोत्यात भरून व्यापाऱ्याला घालायचा. पावसाळ्याची बेगमी त्यावरच होते. माझ्या इंजिनिअरिंगच्या फीमध्येही हिरड्याचे पैसे होते.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात हिरड्याचं मोठं नुकसान झालं, पंचनामेही झाले. भरपाई मात्र अडली. कारण एका ओळीचं : हिरडा हे पीक नाही, वनोपज आहे, त्यामुळे नियमात बसत नाही.

आजीनं फोनवर विचारलं, "झाड आपल्या बांधाव, चढतो आपण, वाळवतो आपण. मंग त्ये पीक नाय तर काय हाय रं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून शोधायला लागलो. 1927 च्या भारतीय वन कायद्यात वनोपज म्हणजे काय, याची व्याख्या आहे. काही वस्तू जंगलात सापडल्या तरच वनोपज ठरतात. काही मात्र कुठेही सापडल्या तरी वनोपजच. या दुसऱ्या यादीत काथ, लाख, मोहाची फुलं यांच्या सोबत हिरडाही आहे. कातडी कमावायला हिरडा लागायचा, त्याचा व्यापार मोठा होता, त्यामुळे सरकारची त्यावर नजर असणं साहजिक होतं. म्हणजे आजीच्या बांधावरचं फळ कागदावर जंगलाचं ठरवणारी व्याख्या आजीच्या जन्माआधीची आहे.

आमच्याच तालुक्यात दुसरं टोकही दिसतं. डिंभ्याचं पाणी कालव्यांतून पूर्वेला जातं, तिथे ऊस आहे. उसासाठी 1966 चा नियंत्रण आदेश आहे, एफआरपी आहे. उसाला कमी भाव मिळाला तर भांडायला निदान एक आकडा हातात असतो. ज्यांची जमीन त्या पाण्याखाली गेली, त्यांच्या हिरड्याला मात्र आधी 'मी पीक आहे' हेच सिद्ध करावं लागलं.

पहिल्यांदा मला वाटलं, नियम बाजूला ठेवून अधिकाऱ्यानं डोळ्यांना दिसतं त्यावर निर्णय घ्यायला काय हरकत होती? मग आजीच्याच गोष्टी आठवल्या. सरपणाची मोळी घेऊन येताना समोरच्या गार्डचा मूड कसा आहे, यावर दिवस ठरायचा. मर्जीवर चालणाऱ्या कारभारात ओळख असलेल्याचं काम होतं, आणि आमच्याकडे ओळखी नव्हत्या. 2006 च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क लिहून दिला, तेव्हा कुठे हातात काहीतरी आलं. दुबळ्या माणसाला लेखी नियम जास्त लागतो. म्हणून 'नियमच नकोत' हे शहरातल्या कॅफेत बसून म्हणायला सोपं आहे, आमच्या वाडीत परवडणारं नाही.

पण कुठलीही यादी पूर्ण नसते. मग तिच्या अपुरेपणाची किंमत कोणी मोजायची?

आमच्या कामात एखाद्या युजरनं तक्रार केली की बऱ्याचदा आम्ही शेरा मारतो : सिस्टीम ठरल्याप्रमाणे चालते आहे. तो शेरा खोटा नसतो. हिरड्याच्या बाबतीतही कदाचित कुणीच नियम मोडला नसेल. तरीही लोकांना मोर्चे काढावे लागले, उपोषणं करावी लागली आणि भरपाईच्या मंजुरीसाठी 2024 उजाडावं लागलं. चूक यादीची होती, पण वाट पाहिली ती पावसाळ्याआधी किराणा भरू न शकणाऱ्या घरांनी. मला अन्याय दिसतो तो इथे. हिरडा यादीतून सुटला हे समजू शकतं. सुटल्यानंतरचा सगळा काळ, सगळे हेलपाटे आणि सगळे पुरावे ज्याच्याकडे सगळ्यात कमी आहे त्याच्याच अंगावर टाकले, हे समजू शकत नाही.

यादी बदलता येत नाही असंही नाही. 1927 च्या त्याच कायद्यात बांबू 'झाड' होता. तो गवताच्या कुळातला आहे हे सगळ्यांना माहीत होतं, तरी कायद्यातून ते काढायला 2017 उजाडलं. नव्वद वर्षं लागली.

मला वाटतं, यादी करणाऱ्यावर एक कर्ज असतं. जो यादीत नाही त्याला ते सांगायला जागा हवी, आणि किती दिवसांत उत्तर द्यायचं याचं बंधन सांगणाऱ्यावर नव्हे, ऐकणाऱ्यावर हवं. सरकारवर हवं, तसं माझ्यावरही.

गेल्या वर्षी एका फॉर्ममध्ये मी शेवटी 'यापैकी नाही' हा पर्याय टाकला आणि खाली लिहायला रिकामी जागा ठेवली. टीम लीडनं विचारलं, "हे वाचणार कोण?" मी म्हणालो, मी वाचेन. तेव्हापासून दर शुक्रवारी अर्धा तास त्यात जातो. बरेच लोक काहीही लिहितात. पण अधूनमधून एखादी ओळ येते आणि कळतं, तिनं बरोबरच लिहिलंय, यादी आमचीच चुकली होती.