उंचीवरचा माणूस आणि खालचा शेजारी

भारतीय हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय आपल्या नागपुरात, वायुसेनानगरला आहे. देशभरातील विमानांच्या देखभालीचा कारभार येथून पाहिला जातो. त्यामुळे विमान हा नागपूरकरांच्या नित्य परिचयाचा विषय. तरीही त्याविषयी बोलताना आपण वेग, उंची आणि इंजिन यांपलीकडे सहसा जात नाही.

मे १९४४ मध्ये अमेरिकेतील डग्लस कंपनीचे एक प्रायोगिक बॉम्बफेकी विमान उडाले. त्याचे पंखे शेपटीच्या टोकाला होते. दोन वर्षांनी, मे १९४६ मध्ये, त्याच जातीच्या सांगाड्यात जेट इंजिने बसवून अमेरिकेचे पहिले जेट बॉम्बफेकी विमान आकाशात गेले. अभियंत्यांच्या दृष्टीने ही केवढी प्रगती! पण या दोन उड्डाणांच्या मध्ये नागासाकी येते. ९ ऑगस्ट १९४५ रोजी स्वर्गोन्नयनाच्या सणाची तयारी म्हणून पापनिवेदनाला आलेले भाविक उराकामी कॅथेड्रलमध्ये होते. तेथून सुमारे अर्ध्या किलोमीटरवर अणुबॉम्ब फुटला. तो टाकणारे विमान जुन्या पद्धतीचे, पंख्यांचेच होते.

आपल्याकडे हे स्थित्यंतर जरा संथपणे झाले. महायुद्धानंतर कानपूरला निकामी करून टाकलेली लिबरेटर विमाने हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी दुरुस्त केली आणि १९४८ पासून ती हवाई दलात आली. चार पंख्यांच्या त्या विमानात आठ-दहा माणसे लागत. १९५७ मध्ये कॅनबेरा हे जेट आले, त्यात दोघे-तिघेच. माणसे कमी, उंची जास्त. खालचा मनुष्य मात्र अधिकच दूर गेला. एवढ्या अंतरावरून तो आपला शेजारी उरतो काय?

१८ डिसेंबर १९६१ रोजी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली बारा कॅनबेरा विमानांनी गोव्यातील दाभोळी विमानतळावर बॉम्ब टाकले. धावपट्टी उखडायची, इमारतींना हात लावायचा नाही, असा आदेश होता आणि तो पाळला गेला. त्या कारवाईविषयी गोव्यातील बांधवांची मते निरनिराळी आहेत. तो वाद येथे नको. जेटच्या वेगातही काय वाचवायचे हे आधी ठरवता येते, एवढे मात्र त्यातून दिसते. मग नाइलाजाची सबब कोणी सांगावी? रहिवाशांसह संपूर्ण शहरे बेचिराख करणे हा देवाविरुद्ध व मानवाविरुद्ध अपराध आहे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये निःसंदिग्धपणे जाहीर केले. त्यात इंजिनाच्या प्रकारानुसार सवलत नाही.

राहतो तो जमिनीवरचा तंत्रज्ञ. त्याची सही यंत्राच्या तंदुरुस्तीची असते, मोहिमेच्या न्याय्यतेची नव्हे. म्हणून तो सर्वस्वी मोकळा ठरतो, असे मला वाटत नाही. परंतु वैमानिकाइतका भार त्याच्या माथी मारणेही अन्यायाचे होईल. प्रथम जाब विचारायचा तो लक्ष्य ठरवणाऱ्याला, आणि तो बहुधा विमानात बसलेलाच नसतो.