रयतेचे सात गुण

स्क्रॅबलच्या पटावर ‘निझाम’ हा शब्द लावला की १६ गुण मिळतात. ‘रायट’चे मिळतात ७. दंगलीचा रायट वेगळा. हा आर, वाय, ओ, टी असा लिहायचा, आणि त्याचा अर्थ आपली रयत. लाख ११ गुणांचा, तर त्याच्या शंभरपट असलेला ‘क्रोर’ अवघ्या ७ गुणांचा. ज्वारीचं ‘जोवार’ मात्र १५ गुण मिळवून देतं.

यात कुणाचा मान-अपमान नाही. आल्फ्रेड बट्स नावाच्या अमेरिकन वास्तुविशारदाचं काम मंदीच्या काळात सुटलं. त्याने वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजली आणि त्या हिशेबावर हा खेळ बेतला. झेड क्वचित येतो म्हणून त्याला १० गुण, आर पावलोपावली येतो म्हणून १. खेळाला स्क्रॅबल हे नाव मिळालं १९४८ साली. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला आमच्याकडचं, म्हणजे मराठवाड्यातलं, निझामाचं राज्य संपलं.

तरीही १६ आणि ७ हे आकडे माझ्या मनातून जात नाहीत. नांदेड-लातूरकडच्या लेकरांना मी इंग्रजी शिकवते, आणि शब्दांचे खेळ हा माझ्या शिकवण्याचा जीव आहे. सहसा कानावर न पडणारा शब्द सापडला की होणारा आनंद खरा असतो. ‘पेट्रिकोर’ घ्या. कोरड्या जमिनीवर पहिला पाऊस पडल्यावर येणाऱ्या वासाला हे नाव १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी दिलं. मराठवाड्यातल्या पोराला त्या वासाची ओळख करून द्यावी लागत नाही. मृगाकडे डोळे लावून बसलेल्या घरातच ते वाढलेलं असतं. शब्द त्याच्या हाती पडताच त्याचा चेहरा उजळतो. अशा वेळी माझ्या मनात काही किंतु नसतो.

किंतु येतो तो दुसऱ्या वेळी. पाहुणे वर्गात आले की मी कुणाला उभं करते? ज्याला ‘लॉगोरिया’चं स्पेलिंग न अडखळता येतं, त्याला. १९९९ साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय स्पेलिंग स्पर्धेत नूपुर लाला ही भारतीय वंशाची मुलगी याच शब्दावर जिंकली. अर्थ आहे अनावर बडबड. मुलाला अर्थ येतो की नाही, हे त्या क्षणी मी विचारते का? टाळ्या त्याला मिळतात, की त्याच्या तोंडून मला?

न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचा जगज्जेता झाला. त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं. शब्दकोश त्याने पाठ केला होता. ही स्मरणशक्ती अफाट आहे आणि मला तिचा आदर वाटतो. आमच्याकडे तरी पाठांतराला कुणी नावं ठेवू नयेत. लातूर पॅटर्न म्हणून जे ओळखलं जातं, त्यातल्या घोकंपट्टीने आणि सरावपरीक्षांनीच कोरडवाहू शेतकऱ्यांची लेकरं वैद्यकीय महाविद्यालयांत पोचली. पण रिचर्ड्सकडून खेळाने अर्थ मागितलाच नव्हता. मी शिक्षिका आहे, मला तो मागायला हवा.

भाषा अर्थाच्या आड येते, हे आमच्या भागाने आधीही पाहिलंय. निझामाच्या राज्यात कारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ साली सुरू झालेलं हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठही उर्दूतूनच शिकवत असे. घरी मराठी बोलणाऱ्या कुणब्याला स्वतःच्याच जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. भाषा म्हणून उर्दूचा यात काही दोष नाही, ती देखणीच आहे. पण तिचा दरवाजा केला गेला, आणि रयत बाहेर उभी राहिली. आज इंग्रजीचा तसाच दरवाजा होतोय, आणि त्याच्या आत मी उभी आहे. खेड्यातून शहरात खोली करून राहणाऱ्या, मागच्या बाकावर बसणाऱ्या पोराच्या कानावर माझा अवघड शब्द पडतो तेव्हा त्याला तो कचेरीतल्या कागदासारखा वाटत असेल का? उत्तर देताना माझी जीभ जड होते.

त्याच पोराला ‘खरीप’, ‘रबी’ आणि ‘जोवार’ हे तिन्ही इंग्रजी शब्दकोशांत आहेत, असं सांगून पाहावं. आधी त्याचा विश्वास बसत नाही, मग तो बोलायला लागतो. शब्दकोश ज्वारीला एक धान्य म्हणून मोकळा होतो. या पोराला रब्बीची ज्वारी वेगळी कशी ते ठाऊक असतं. हुरडा कधी भाजायचा, कडबा कुणाच्या दावणीला जातो, पाऊस लांबला तर पेरा कसा मोडावा लागतो, तेही ठाऊक असतं. इतका भरलेला अर्थ मला कुठल्याच कोशात मिळालेला नाही. मग वर्गात हुशार कुणाला म्हणायचं? आजवर दुर्मिळ शब्द ज्याच्या ओठावर, त्याला मी हुशार म्हणत आले. ती मोजणी पटावर चालते. माणसांना ती लावायचा अधिकार मला नाही.

शब्दांचे खेळ मी सोडणार नाही. मात्र यापुढे माझ्या वर्गात शब्दाचे गुण त्याचा अर्थ सांगितल्यावरच मिळतील, आणि अर्थ मराठीतून, आपल्या गावच्या बोलीत सांगितला तरी चालेल. आईवडिलांना एवढीच विनंती आहे की पाहुण्यांसमोर लेकराला अवघड इंग्रजी स्पेलिंग म्हणून दाखवायला लावू नका.