पाहण्याचा अधिकार

पंचेंद्रियांमध्ये डोळा हे सर्वांत निरुपद्रवी इंद्रिय होय, असे आपण सहसा गृहीत धरतो. जीभ ज्याचा स्वाद घेते ते संपवूनच टाकते. हात ज्यास लागतो त्यावर आपली खूण ठेवतो. डोळा मात्र पाहिलेल्या वस्तूतून कणभरही काही काढून घेत नाही. हजारो लोकांनी चंद्राकडे पाहिले म्हणून त्याचे चांदणे उणे होत नाही. यास्तव फूल तोडणाऱ्यास आपण दोष देतो आणि फुलाकडे पाहत उभ्या राहणाऱ्यास रसिक म्हणतो. आमचीही समजूत हीच होती. गेल्या पौषातील एका शनिवार-रविवारी तिला धक्का बसला. त्या धक्क्यातून जो प्रश्न उभा राहिला तो वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

काही स्नेह्यांसह आम्ही नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर येथे पाणपक्षी पाहण्यास गेलो होतो. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे बंधारा बांधला गेला. हेतू केवळ कालव्यांनी शेतीस पाणी पुरविण्याचा. बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचला, पाणी उथळ झाले, त्यात पाणवनस्पती माजल्या. आणि पाटबंधाऱ्याच्या दृष्टीने जो दोष, तोच पक्ष्यांच्या दृष्टीने गुण ठरला. १९८६ साली तेथे अभयारण्य झाले, आणि पाणथळ जागांच्या रक्षणासाठी झालेल्या रामसर करारातील महाराष्ट्राचे पहिले स्थळ म्हणून २०२० साली त्याचे नाव जाहीर झाले.

निफाडकडची पहाटेची थंडी प्रसिद्धच आहे. धुके विरळ होऊ लागले तसे पाण्यावरचे ठिपके एकेक करून पक्षी होऊ लागले. कपाळी पांढरा टिळा असलेले काळे वारकरी तर दिंडीच काढल्याप्रमाणे चालले होते. चोचीवर पिवळ्या-तांबड्या रंगांचा साज मिरविणारी हळदीकुंकू बदके, फावड्यासारख्या चोचीने पाणी गाळीत फिरणारे थापटे, आणि दूर चिखलाच्या बेटावर केशरी अंगाचे चक्रवाक. ज्या चक्रवाकाच्या रात्रीच्या विरहाविषयी आमच्या कवींनी इतके लिहिले, तो लडाख-तिबेटाकडील उंच प्रदेशात घरटे करून हिमालय ओलांडून येथे हिवाळा काढावयास येतो, हे ध्यानी आले म्हणजे त्या विरहकथेहूनही त्याचे खरे चरित्र अद्भुत वाटते. आम्ही निरीक्षणाच्या मनोऱ्यावर होतो, पक्षी दूर होते, मध्ये पाणी होते. तिपाईवरील दुर्बिणीतून पाहून प्रत्येक जातीचे नाव वहीत टिपीत होतो. वही भरत होती तसतसे मन प्रसन्न होत होते. त्या दिवशी आमच्या पाहण्याने कोणाचे काही बिघडले नाही; परंतु याचे श्रेय आमच्या विवेकाचे नव्हते, मधल्या पाण्याचे होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही घुबडांच्या शोधात निघालो. जुन्या बाभळीच्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी सापडली. संध्याकाळच्या सुमारास एका ओघळीच्या काठी कांद्याच्या वाफ्यांना पाणी देत असलेल्या वृद्ध शेतकऱ्याने समोरच्या मातीच्या कड्याकडे बोट दाखविले. कड्यावरील एका खोबणीत शृंगी घुबडाची मादी बसली होती. मातीच्याच रंगाची, डोक्यावर शिंगांसारखे दोन तुरे. “अंड्यांवर बसलेली हाये, साहेब,” म्हातारा म्हणाला. “हितनंच बघा.”

तेथून ती दिसत होती. पण तिचे नारिंगी डोळे दिसत नव्हते. आम्हांस ते डोळे पाहावयाचे होते, आणि आमच्या एका स्नेह्यास त्यांचे छायाचित्र हवे होते. आम्ही ओघळीत उतरलो. दहा-पंधरा पावले गेलो असू, तोच ती उठली. एवढा थोरला पक्षी, पण पंखांचा आवाज झाला नाही. ती उघड्यावर येताच कोठून कोण जाणे कावळे जमले आणि ओरडत तिच्यावर तुटून पडले. ती एका बाभळीवरून दुसऱ्या बाभळीवर गेली, तेथूनही हुसकली गेली, आणि दिसेनाशी झाली. हा पक्षी काटक्यांचे घरटे करीत नाही, उघड्या मातीवरच अंडी घालतो. ती अंडी खोबणीत थंडीत पडून राहिली. आम्ही काठावर परत येऊन मुकाट्याने उभे राहिलो. ती परत आल्याचे पाहिल्याशिवाय जाणे जिवावर येत होते. काही वेळाने म्हातारा जवळ येऊन शांतपणे म्हणाला, “तुम्ही हितं उभे हाये तवर ती काय माघारी यायची नाही.”

आम्ही निघालो. ती परतली की नाही हे आम्हांस कळले नाही, आणि ते कळण्याचा आमचा अधिकारही उरला नव्हता.

परतीच्या वाटेवर स्नेह्यांनी समाधान केले की, आपला हेतू वाईट नव्हता. आपण काही शिकारी नव्हे. ही गोष्ट खरी आहे. परंतु हेतूच्या शुद्धतेने अंड्यांस ऊब मिळत नाही. भरतपूरच्या केवलादेव येथे जुन्या शिकारींच्या नोंदी दगडावर कोरून ठेवलेल्या आहेत. १९३८ सालच्या नोव्हेंबरात व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्यासाठी झालेल्या एका दिवसाच्या शिकारीत ४,२७३ पक्षी मारले गेले. त्या दगडावरील आकडा आणि आमच्या वहीतील आकडा यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे हे आम्ही जाणतो. तेथे मृत्यूची मोजदाद आहे, येथे ओळखीची. तथापि आकडा वाढावा ही जी आतली ओढ, ती दोहोंकडे एकाच जातीची नाही काय? पक्षी समोर दिसत असूनही तो पुरेसा दिसला नाही असे वाटणे, ही दृष्टीची भूक नव्हे, स्वामित्वाची भूक आहे. रात्री घुबड बाहेर यावे म्हणून त्याच्याच जातीचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकविणारेही असतात. आपल्या हद्दीत परका आला असे समजून तो बिचारा शिकार सोडून धावत येतो. त्यास फसवून घेतलेले हे दर्शन निरुपद्रवी कसे म्हणावे?

यावर कोणी म्हणेल, मग पाहूच नये काय? ही शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर सोपे नाही. ज्यांनी घुबड कधी नीट पाहिलेच नाही त्यांनीच त्यास अशुभ ठरविले. त्यास दगड मारला तर तो दगड झेलतो व उगाळीत बसतो, आणि दगड झिजेल तसतसा मारणारा झिजतो, ही समजूत आमच्याकडे गावोगाव आहे. तिने निदान पुष्कळ दगड हातातच राहिले असतील. परंतु त्याच अज्ञानापोटी मंत्रतंत्रासाठी घुबडे पकडली व मारली जातात, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा धाक असूनही. न पाहणे म्हणजे अहिंसा, असे मुळीच नाही.

आणखी एक उदाहरण आमच्या महाराष्ट्रातीलच आहे. रानपिंगळ्याचे शास्त्रीय वर्णन ह्यूम यांनी १८७३ साली केले. १८८४ नंतर त्याचा खात्रीलायक नमुना कोणास मिळाला नाही. १९१४ सालचा म्हणून एक नमुना दाखविला जात असे. तो मायनर्ट्‌झहागेन या नामांकित संग्राहकाने जुनाच नमुना चोरून, त्यावर नवी चिठ्ठी लावून खपविलेला निघाला. पाहिल्याचे श्रेय हवे, पण पाहण्याचे कष्ट नकोत, अशा लोभाचा हा कळस होय. पुढे १९९७ च्या नोव्हेंबरात पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना शहाद्याजवळच्या सातपुड्यात हा पक्षी जिवंत आढळला. ११३ वर्षे नाहीसा मानलेला जीव अजून आहे हे कळले, ते कोणीतरी धीराने पाहिले म्हणूनच. आणि जो आहे असे ठाऊक असते, त्याच्याच रानासाठी भांडता येते. पाहणारा हवाच. प्रश्न एवढाच की, तो कसा हवा?

या प्रश्नाचा विचार करताना आम्हांस आपल्या परंपरेतील दोन द्रष्टे आठवतात. एकाने तमसेच्या काठी क्रौंचाची जोडी पाहिली. दुसऱ्याने मध्यरात्री वडाखाली बसून घुबड पाहिले. वाल्मीकी स्नानास निघाले होते. त्यांना त्या जोडीकडून काही नको होते. व्याधाच्या बाणाने नर पडला, मादीचा आक्रोश कानी आला, आणि ऋषींच्या शोकाचा श्लोक झाला. अश्वत्थाम्याने घुबडाला निद्रिस्त कावळ्यांचा संहार करताना पाहिले, आणि त्यात त्यास स्वतःच्या कामाचा उपदेश सापडला. कृपाचार्यांनी परोपरीने वारले तरी तो न ऐकता झोपलेल्या शिबिरात शिरला. घुबडाने केले ते पोटासाठी आणि स्वभावानुसार. त्यात पाप नव्हते. पाप पाहणाऱ्याच्या मनात आधीच होते, त्याने पक्ष्यास केवळ साक्षीला बोलाविले. वाल्मीकींना समोर दुसऱ्याचे दुःख दिसले, अश्वत्थाम्यास स्वतःची इच्छा. डोळा निष्पाप आहे की नाही हा प्रश्नच मुळी चुकीचा. डोळ्यामागून जे पाहत असते त्याची परीक्षा केली पाहिजे.

त्या ओघळीत उतरताना आम्ही अश्वत्थामा नव्हतो, हे म्हणणे सोपे आहे. परंतु आम्हांस घुबड दिसत नव्हते, आमची हौस दिसत होती, हे नाकारता येत नाही. तो शेतकरी मात्र तिला रोज पाहत होता. शेतातले उंदीर ती खाते हे त्यास ठाऊक होते, ती कधी उठते आणि कधी बसते हेही ठाऊक होते. आणि एवढे ठाऊक असूनही, किंबहुना म्हणूनच, तो ओघळ ओलांडीत नव्हता. त्याच्याजवळ दुर्बीण नव्हती. पाणपक्ष्यांचे रक्षण जे मधल्या पाण्याने केले, ते अंतर तो आपल्या मनाने राखीत होता.

आमच्या मते पाहण्याचा अधिकार असेल तर तो याच अटीवर आहे. जो मागे राहू शकतो, ज्यास अर्धेच दिसले तरी पुरते, समोरच्या जिवाला आपल्या नजरेची किंमत मोजावी लागत आहे असे कळताच जो नजर काढून घेतो, त्याने खुशाल पाहावे. येत्या हिवाळ्यात घरातील मुलांना घेऊन आम्ही पुन्हा नांदूर मध्यमेश्वरास जाणार आहो. मनोऱ्यावरून त्यांना चक्रवाक दाखवू. ओघळीशी मात्र काठावरच थांबू. मुले विचारतील, तिचे डोळे कसे आहेत? तेव्हा आम्हांस सांगावे लागेल की ते आम्हीही जवळून पाहिलेले नाहीत, आणि पाहावयास गेलो तेव्हा काय झाले तेही.