जीर्णोद्धार कशाचा?

भोपाळच्या आनंद नगरात राहणाऱ्या गृहस्थाकडे पाहुणा आला म्हणजे त्याला भोजपूर दाखविणे हा यजमानधर्मच होऊन बसतो. शहरापासून अठ्ठावीस-एक किलोमीटरांवर, बेतवेच्या काठच्या खडकावर, परमार भोजाच्या नावाने ओळखले जाणारे अकराव्या शतकातील ते अपूर्ण शिवालय उभे आहे. गेल्या महाशिवरात्रीनंतर कोकणातून मामा आले, तेव्हा त्यांनाही घेऊन गेलो. गावच्या देवस्थानाच्या समितीवर मामांनी वर्षानुवर्षे काम केले आहे; त्यामुळे कोठल्याही देवळात शिरले की त्यांची नजर आधी देवाकडे आणि लगेच छपराकडे जाते. येथेही तसेच झाले. साडेसात फूट उंचीच्या आणि जवळजवळ अठरा फूट घेराच्या त्या लिंगापुढे त्यांनी हात जोडले, मग मान वर करून म्हणाले, "अरे, हें देवूळ अर्दकुटेंच उरलां मरे!"

मी त्यांना मला ठाऊक असलेली हकीकत सांगितली. १९५१ पासून हे मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे. २००६-०७ च्या सुमारास के. के. मुहम्मद यांच्या देखरेखीखाली येथे मोठे काम झाले. नाहीसा झालेला एक खांब नव्याने घडविण्यात आला. मूळ दगडाशी जुळणारा दगड देशभर शोधता शोधता आग्र्याजवळ सापडला. त्यातून एकसंध, बारा टन वजनाचा खांब कोरला गेला. पण तो उचलून बसवील इतक्या लांब हाताची क्रेन मिळेना. अखेर कप्प्या आणि तरफा यांच्या साहाय्याने सहा महिने खपून तो उभा करण्यात आला. एकविसाव्या शतकाच्या यंत्रांनी हात टेकले आणि अकराव्या शतकाची युक्ती कामी आली, हे ऐकून मामा मनमुराद हसले. छताच्या मध्याची पोकळी मूळ घडणीशी जुळणाऱ्या फायबरग्लासच्या भागाने झाकली गेली, आणि भिंती व छप्पर यांमधून झिरपणारे पाणी तिरकस दगड बसवून अडविण्यात आले.

"मग शिखर का नाही बांधले?" मामांनी विचारले.

प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. या मंदिराच्या आसपासच्या खडकांवर खांब, शिखर, गर्भगृह यांचे आराखडे रेघांनी कोरलेले आहेत. मागे दगड वर चढविण्यासाठी घातलेला मातीचा उतार अजून शिल्लक आहे. जेथे तर्क सुरू होतो तेथे पुनर्बांधणी थांबली पाहिजे, असे १९६४ च्या व्हेनिस येथील सनदेने जगातील संरक्षकांना बजावले आहे. पण येथे तर्काची गरज कितीशी उरते? स्थपतीचे मनोगत दगडावर लिहिलेले आहे, दगड आहे, खांब उचलण्याची युक्तीही पुन्हा हाती आली आहे.

मी म्हणालो, "मामा, ते आराखडे आणि तो उतार हाच येथला अपूर्व ठेवा आहे. मंदिरे कशी बांधीत हे सांगणारी मंदिरे थोडी. पूर्ण झालेले मंदिर आपल्या परातीचे लाकूडदेखील मागे ठेवीत नाही. शिखर चढविले की हा बोलका कारखाना मुका होईल."

ते क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, "देऊळ म्हणजे पुरावे ठेवायचे कपाट नव्हे. आत देव आहे, त्याची पूजा चालते."

या उत्तरापुढे मी निरुत्तर झालो हे मान्य केले पाहिजे. पुराणवस्तूंचा विचार करणारे आपण पुष्कळदा विसरतो की भाविकाच्या दृष्टीने भिंत ही देवाचे वस्त्र आहे, आणि वस्त्र जीर्ण झाले की बदलतात. जपानातील इसे येथील देवालय दर वीस वर्षांनी नव्या लाकडात पुन्हा उभारतात, आणि त्याला कोणी नवे देवालय म्हणत नाही. कोकण-गोमंतकातील आपल्या समाजाची तर घडणच अशी झाली आहे. सोळाव्या शतकात कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. दिवाडीचे सप्तकोटेश्वराचे देऊळ पडले. पुढे नार्वे येथे १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याच्या उभारणीस हात घातला. पूर्वजांनी देव उराशी धरला आणि दगड मागे सोडले. अशांच्या वंशजांना दगडाचा मोह कमी असल्यास नवल काय?

पण येथेच विचार थबकतो. ते दगड पूर्वजांनी टाकले नव्हते. ते त्यांच्यापासून हिरावले गेले होते. आज आपल्या पाठीशी कोणी लागलेले नाही. लागलाच असेल तर फरशीवाला. गोमंतकातील कित्येक देवळांच्या भिंतींवरील कावी चित्रे कोणा शत्रूने नव्हे, तर नूतनीकरणाच्या उत्साहाने पुसली. ज्याचे घर दुसऱ्याने पाडले, त्याने स्वतःचे घर पाडताना तरी हात थोडा आखडता घ्यावा, असे मला वाटते. सोमनाथाचे उदाहरण पुढे करतात. तेथे १९५० मध्ये जुने अवशेष काढून नवे मंदिर उभारण्यात आले आणि ११ मे १९५१ रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते प्रतिष्ठा झाली. त्या निर्णयामागील भावना मी समजू शकतो. तथापि ते नवनिर्माण होते. जीर्णोद्धार या शब्दात उद्धरायचे असते ते जीर्णालाच.

बळकटी आणि नवेपणा यांची आपण गल्लत करतो. परतीच्या वाटेवर मामांनी मनातले सांगितले. गावच्या देवळाचा सभामंडप पाडून स्लॅब टाकण्याचा ठराव समितीपुढे आहे. छप्पर गळते, खांबांना वाळवी लागली आहे, आणि देणगीदार तयार आहे. बळकटीसाठी म्हणून स्लॅब! चिऱ्याच्या, चुन्यात बांधलेल्या भिंतीवर तो भार टाकणे म्हणजे म्हाताऱ्याच्या डोक्यावर हंडा ठेवून त्याला आधार दिल्याचे समाधान मानणे. चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडतो; त्यावर सिमेंट थापले की ती आत कोंडते आणि भिंत आतून खचते. भोजपूरला छतासाठी दगडाहून हलके द्रव्य वापरले, ही गोष्ट मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. डागडुजी अशी असावी की पुढच्या पिढीला ती आवडली नाही तर उतरविता यावी. त्या नव्या खांबाबद्दल मात्र माझे मन अजून पुरते स्थिर नाही. तो जुन्याशी इतका जुळतो की शंभर वर्षांनी त्याला भोजाचा समजतील. अशा प्रत्येक नव्या दगडावर, कोपऱ्यात का होईना, त्याचे वर्ष कोरलेले असावे. देवाला त्याने काही कमी पडत नाही, आणि माणसाची फसवणूक टळते.

मामा तेव्हा काही बोलले नाहीत. गावी पोचल्यावर पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. सुताराला घेऊन त्यांनी सभामंडपाचे खांब एकेक करून टोचून पाहिले होते. बारांपैकी तीनच पायाशी कुजले आहेत; तेवढा भाग कापून नवे लाकूड सांधता येईल, असे सुताराचे मत पडले. देणगीदार अर्थातच नाराज आहे, कारण सांध्यावर नाव कोठे लिहिणार? समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. "ठराव माझ्या बाजूने होईलच असे नाही," मामा म्हणाले, "पण त्या भोजाच्या खांबाचा एखादा फोटो असला तर पाठव."