शिधा : उपकार नव्हे, सन्मान



तैत्तिरीय उपनिषदातील भृगुवल्लीत भृगूला ब्रह्माची पहिली ओळख पटते ती अन्नाच्या रूपाने. पुढे प्राण, मन, विज्ञान व आनंद अशा पायऱ्या तो चढतो. तथापि उपनिषद अन्नाला मागे टाकत नाही. ब्रह्म जाणलेल्या साधकालाही तेथे व्रते सांगितली आहेत : अन्नाची निंदा करू नये, अन्न अव्हेरू नये, ते विपुल करावे आणि आश्रयास आलेल्या कोणासही विन्मुख पाठवू नये.

हे व्रत आपल्या संतभूमीत आचरणात उतरले. पंधराव्या शतकातील भीषण दुष्काळात मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बहामनी सुलतानाचे कोठार भुकेल्या रयतेसाठी खुले केले. त्या धान्याचा दाम स्वतः पांडुरंगाने विठू महाराचे रूप घेऊन बेदरच्या दरबारी भरला, अशी भक्तांची श्रद्धा आहे. या कथेचे मर्म केवळ चमत्कारात नाही. कोठार राजाचे असले तरी भुकेच्या प्रसंगी त्यावर पहिला अधिकार उपाशी जिवाचा, हे पंतांनी जाणले. आणि प्रत्यक्ष देवाने त्याची साक्ष दिली.

हाच अधिकार आज कायद्याने मान्य केला आहे. 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यान्वये प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा 5 किलो, तर अंत्योदय कुटुंबास दरमहा 35 किलो धान्य मिळते. 1 जानेवारी 2023 पासून ते विनामूल्य आहे. तरीही "फुकटचे खाणारे" असा शब्द आपल्या कानी पडतो. क्वचित आपल्याच मुखातून निघतो. अंत्योदय योजनेत कोण येतात? भूमिहीन शेतमजूर, निराधार विधवा, वृद्ध, अपंग. ज्या हातांनी पेरले, खुरपले, कापले, त्याच हातांनी पिशवी पुढे करताना मान खाली का घालावी?

आपल्या भाषेने याचे उत्तर केव्हाच दिले आहे. रेशन कार्डाला आपण शिधापत्रिका म्हणतो. शिधा म्हणजे भीक नव्हे. दारी आलेल्या अतिथीस डाळ, तांदूळ, पीठ, मीठ सूपभर आदराने दिले जाते, तो शिधा. देणारा तेथे वाकतो, घेणारा नव्हे.

कोणी विचारील, शासन धान्य देते, मग आमच्या अन्नदानाचे प्रयोजन काय? प्रयोजन आहे. तांदूळ-गव्हाने पोट भरते. परंतु डाळ, तेल, भाजी, दूध यांवाचून बालकाचे अंग भरत नाही. शिवाय कोठार उघडे असले तरी सर्वांचे पाय तेथवर पोहोचत नाहीत. कष्टाने बोटांच्या रेषा झिजलेल्या वृद्धेचा अंगठा यंत्रावर उमटत नाही. नव्या सुनेचे वा बाळाचे नाव पत्रिकेवर चढलेले नसते. ऊसतोडीस परगावी गेलेल्या कुटुंबाला देशातील कोणत्याही रास्त भाव दुकानातून आपले धान्य घेता येते, हे पुष्कळदा ठाऊकच नसते.

म्हणून दात्यांना नम्र विनंती. अन्नछत्रास आपण देणगी द्यावीच. त्यासोबत आपल्या गावातील अशा एका कुटुंबाची चौकशी करावी. त्यांच्याबरोबर तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत जावे, अर्ज लिहून द्यावा, काम होईपर्यंत पाठपुरावा करावा. एका वेळच्या पंगतीचे पुण्य मोठे आहेच; पण ज्याने घरातली चूल बारमाही पेटती राहते, ते अन्नदान त्याहून थोर आहे. त्याची पावती फाटत नाही, फलकावर नाव लागत नाही. दामाजीपंतांचा हिशेब ज्याने चुकता केला, त्याच्या वहीत मात्र त्याची नोंद होते.

आणि महाप्रसादास बसताना एवढे स्मरावे : हवे तितकेच घ्यावे, पानात काही टाकू नये, शेजारी बसलेल्याचे नाव-गाव न विचारता त्याच्या पानात आधी वाढू द्यावे. येथे यजमान श्री आहेत. आपण सारेच त्यांच्या दारचे शिधेकरी.

॥ अन्नदाता सुखी भव ॥