धसकटं जाळणाऱ्या शहाण्यास

नेरळ स्टेशनाबाहेरच्या टपरीवर तू सांगत सुटला आहेस म्हणे, की बिननांगरणीची भातशेती हे थोतांड आहे. दोन हंगाम करून पाहिली, दुसऱ्या वर्षी उतारा पडला, आता पॉवर टिलर सांगून ठेवलाय. माझ्या वर्गात बसलेला पोरगा तू, म्हणून विचारतो: केलंस काय ते नीट सांग. नाही सांगणार. मग मीच सांगतो.

पहिल्या वर्षी गादीवाफे घातलेस, साचा फिरवलास, भोकांत बी टोकलंस. इथवर ठीक. भात कापलं आणि धसकटं कुदळीनं खणून बांधावर पेटवलीस, कारण रान स्वच्छ दिसायला हवं! वाफ्यांवर वाल टोकले नाहीस. गावची गुरं मोकाट सुटल्यावर चार-पाच महिने तेच वाफे तुडवत राहिली. जूनमध्ये दगड झालेल्या मातीत पुन्हा बी घातलंस आणि तण माजल्यावर कपाळाला हात लावलास. म्हणजे तू नांगर तेवढा सोडलास. त्याच्या जागी जे धरायचं, त्यातलं काही धरलं नाहीस. नांगरणीचे पैसे वाचले ते बरे गोड लागले!

तू करून पाहिलेलं सगुणा भात तंत्र काही अमेरिकेहून आलेलं नाही. तुझ्या घरापासून सायकलवर जाता येईल अशा सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळ्यांनी ते बसवलं. साडेचार फुटांवर कायमचे वाफे, पंचवीस सेंटिमीटरवर टोकण, चिखलणी नाही, लावणी नाही. पण या सगळ्याचा कणा एकच: कापणीनंतर मुळं जमिनीतच राहिली पाहिजेत. ती कुजतात, त्यांच्या जागी बारीक नळ्या राहतात, त्यांतून हवा-पाणी खाली उतरतं, गांडुळांना खायला मिळतं. ऊसपट्ट्यात कोल्हापूरचे शेतकरी प्रताप चिपळूणकर कितीतरी वर्षं हेच सांगत आले. तू नेमका तो कणाच खणून काढलास आणि वर विचारतोस की उभं का राहत नाही.

पुरावा हवा ना? घे. 2015 साली ‘नेचर’मध्ये जगभरच्या 610 अभ्यासांची एकत्र छाननी प्रसिद्ध झाली. नांगरणी बंद केली की उत्पादन सरासरी 5.7 टक्क्यांनी घटतं, आणि नुसती नांगरणीच बंद केली तर त्याहून जास्त, असं त्यात निघालं. पण पिकाचे अवशेष रानात ठेवले आणि फेरपालट केली, तर ही घट बरीच कमी होते. कोरड्या हवामानात, पावसावरच्या शेतीत तर उत्पादन वाढलेलंही दिसलं. आता ते कोरड्या रानाचे आकडे कर्जत तालुक्याला चिकटवू नकोस, इथं पाऊस मुसळधार कोसळतो. पण पहिलं वाक्य पुन्हा वाच. तुझ्या रानाची हकिकत त्यात लिहिलेली आहे.

‘आजोबाही जाळायचे,’ हे उत्तर तुझ्या ओठांवर आहे, ठाऊक आहे मला. आजोबा राब भाजायचे. रोपवाटिकेच्या तुकड्यावर, तणाचं बी मरावं आणि राखेतून पालाश मिळावा म्हणून. त्यासाठी टहाळ जंगलातून यायचा, म्हणजे एका जागेची सुपीकता दुसरीकडे वाहून आणायची. त्यावरून सरकारशी इतकं भांडण झालं की 1885 साली मुंबई इलाख्यात वन आयोग बसला. तू जाळतोस ते तुझ्याच रानातलं. राखेत पालाश उरतो खरा. कर्ब आणि बहुतेक नत्र धुरावाटे जातं. ते माथेरानच्या वाऱ्याला फुकट देऊन तू दुकानातून युरियाची गोणी आणतोस.

आणि युरियाचं तरी काय? या खाचरातून त्या खाचरात पाणी वाहत असताना फेकतोस, आणि तो उल्हास नदीच्या दिशेनं निघतो. जुलैत नदीचं पाणी पाहिलंस? लाल-तपकिरी. चिखलणीनं सुटी केलेली गाळमाती त्यातूनच जाते. आता टिलर घालून तीच आणखी मोकळी करणार. नुसत्या नत्रावर पीक काढत राहिलं तर उत्पादन घसरत जातं आणि संतुलित खतांबरोबर शेणखत दिलं तर ते टिकतं, हे 1970 पासून देशभर चाललेल्या दीर्घकालीन खत प्रयोगांनी दाखवून दिलंय. आपल्याकडे अकोल्यालाही तो प्रयोग आहे.

बिननांगरणी झेपत नसेल तर करू नकोस, सक्ती नाही. चारसूत्री पद्धतीनं भात लाव. त्यात चिखलणी-लावणी आहेच. पण भाताच्या तुसाची राख आणि पेंढा रानात परत जातो, गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडतात, नियंत्रित अंतरावर लावणी होते आणि चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची एक ब्रिकेट बोटानं खोल खोचतात, म्हणजे खत वाहून जात नाही. बांधावर गिरिपुष्पाच्या फांद्या लावायला पैसे लागतात का? कर्जतला भाताचं संशोधन केंद्र 1919 पासून आहे. तिथं शेवटचा कधी गेला होतास? टपरीवर मात्र रोज.

तणनाशकाचा आक्षेप घेतला असतास तर मी कान देऊन ऐकलं असतं. सगुणा पद्धतीत ग्लायफोसेट वापरतात, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2015 साली ते संभाव्य कर्करोगकारक म्हटलं, 2022 मध्ये केंद्रानंही त्याच्या वापरावर निर्बंध घातले. हा प्रश्न खरा आहे आणि ज्यांना ही पद्धत पुढे न्यायची आहे त्यांनी त्याचं उत्तर द्यायलाच हवं. पण तो तुझ्या डोक्यात आलाच नाही. तुझा आक्षेप काय, तर ‘रान घाण दिसतं’!

यंदाचं भात आता कापून झालंय. धसकटं अजून जागेवर आहेत, ओल आहे. टिलरवाल्याला आजच्या आज फोन करून नको म्हण. या आठवड्यात वाफ्यांवर कडवे वाल टोक. त्यांच्या गाठी हवेतलं नत्र धरतील आणि पोपटीला शेंगाही होतील. गुरांसाठी काट्यांचं कुंपण घाल. वाल टोकण्याआधी रानात आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचे खड्डे घेऊन पंधरा-वीस सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती गोळा कर, झाडाखालची आणि उकिरड्याशेजारची नको, आणि तपासायला दे. सेंद्रिय कर्बाचा आकडा वहीत तारखेसह लिही. आणि वही घेऊन घरी ये. तोंडी हिशेब मी ऐकणार नाही.